पाच वाफे, सात यार्ड माती आणि चार सह्या

अमेरिकेतल्या स्काउटांचा ईगल प्रोजेक्ट म्हटलं की डोळ्यांपुढे ड्रिल, करवत आणि लाकडाचा भुसा येतो. आमच्या मुलीच्या प्रोजेक्टचा पहिला स्क्रू बसला एप्रिलमधल्या एका शनिवारी. काम मात्र आदल्या सप्टेंबरातच सुरू झालं होतं. मधले सात महिने फोन, ईमेल, मोजमापं, बेरजा आणि सह्या यांत गेले. हे आधी ठाऊक असतं तर दर रविवारी "अगं, काम सुरू कधी करणार?" असं विचारलं नसतं. काम चालूच होतं, फक्त दिसत नव्हतं.

ज्यांच्या घरात स्काउटिंग नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्काउटिंग अमेरिका (२०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका) या संस्थेतली सर्वांत वरची पायरी म्हणजे ईगल. त्यासाठी २१ मेरिट बॅज (एकेका विषयात मिळवायची बिल्लं) लागतात, त्याच्या आधीच्या 'लाइफ' पायरीवर किमान सहा महिने सक्रिय राहावं लागतं, ट्रूपमधली, म्हणजे आपल्या स्काउट गटातली, एखादी जबाबदारी निभवावी लागते आणि एक सेवाप्रकल्प पुरा करावा लागतो. हे सगळं अठरावा वाढदिवस उजाडायच्या आत. प्रकल्पाची अट १९६५ पासूनची. मुलींचे ट्रूप २०१९ मध्ये सुरू झाले आणि ईगल झालेल्या मुलींची पहिली तुकडी २०२१ ची. गर्ल स्काउट्स ही वेगळी संस्था. तिथला गोल्ड अवॉर्ड निराळा आणि ८० तासांचा आकडा तिथला आहे. ईगलला तासांची किमान मर्यादा नाही, तरी हा ८० चा आकडा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहतो. भारतातल्या नातेवाइकांना "राष्ट्रपती पुरस्कारासारखं" म्हणून वेळ मारून नेता येते. पण शाळेतली 'खरी कमाई' आठवणाऱ्यांना एक फरक सांगावा लागतो: इथे पैसे मिळवून देणं म्हणजे प्रोजेक्ट नव्हे. निव्वळ निधी गोळा करायचा प्रोजेक्ट मंजूरच होत नाही.

आणखी काय चालत नाही? धंदा करणाऱ्या कंपनीसाठीचं काम, खुद्द स्काउट संस्थेसाठीचं काम आणि रोजचं झाडलोट-देखभालीचं काम. धार्मिक संस्था, शाळा किंवा गावाच्या उपयोगाचं काहीही चालतं. देवळासाठी चपलांचे रॅक चालतात का, हा आपल्या लोकांचा हमखास प्रश्न. चालतात. पण अटीतला कळीचा शब्द 'इतरांचं नेतृत्व' हा आहे, आणि इतर म्हणजे स्वतःखेरीज किमान दोन माणसं. मुलाने गॅरेजात एकट्याने सुबक रॅक बनवून दिला तर रॅक उत्तम आणि प्रोजेक्ट नापास.

मुलीने निवडलं ते न्यू जर्सीतल्या एका फूड पँट्रीच्या मागची बाग. गरजूंना डबाबंद अन्नाबरोबर ताजी भाजी देता यावी म्हणून पँट्रीला वाफे हवे होते: जमिनीलगतचे चार, आणि ज्यांना वाकता येत नाही किंवा जे व्हीलचेअरवर आहेत त्यांच्यासाठी एक उंच. पँट्रीची अट एकच होती. मदर्स डेच्या (मे महिन्यातला दुसरा रविवार) सुमारास टोमॅटोची रोपं लागतात, त्याआधी माती भरून तयार पाहिजे. मागे-पुढे पाहिलं तर मार्चअखेरपर्यंत जमीन चिखलात आणि मेच्या पहिल्या आठवड्यापासून हायस्कूलमधल्या एपीच्या (कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) परीक्षा. म्हणजे हातात एप्रिलमधले दोन-तीन शनिवार. मुलांच्या प्रोजेक्टची तारीख कॅलेंडरवर अशी उलटी मोजत यावी लागते.

आता सह्या. प्रोजेक्टसाठी ठरलेली वर्कबुक आहे. ती ब्राउझरमध्ये उघडून भरली तर भरलेलं सेव्ह होत नाही. आधी संगणकावर उतरवून घ्यायची आणि अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्येच उघडायची. एक संपूर्ण संध्याकाळ गमावल्यावर हे प्रत्येक घराला कळतं. तिच्या पहिल्या भागात प्रपोजल असतं आणि त्यावर चार मंजुऱ्या लागतात: ज्यांच्यासाठी काम त्यांची, स्काउटमास्टरची (ट्रूपच्या प्रमुखाची), ट्रूपच्या समितीची आणि शेवटी डिस्ट्रिक्ट किंवा काउन्सिलची (संस्थेच्या स्थानिक शाखांची). चौथी सही होईपर्यंत काम सुरू करायचं नाही, बाहेरच्यांकडून देणग्याही मागायच्या नाहीत. इथे दोन प्रकारे घसरायला होतं. काही मुलं तीन ओळी लिहून जातात आणि परत येतात. काही, आमच्या मुलीसारखी, स्क्रूंच्या संख्येसकट वीस पानं लिहून नेतात. प्रपोजल तपासणाऱ्याला पाहायचं असतं ते एवढंच: नेतृत्वाला वाव आहे का, काम झेपणारं आहे का, सुरक्षेचा विचार केलाय का, पुढच्या नियोजनाच्या पायऱ्या मांडल्यात का, आणि एकंदर मुलगी योग्य वाटेवर आहे का. सविस्तर आराखडा हा पुढचा भाग, आणि त्यावर मंजुरीची सही लागतच नाही. म्हणूनच तो आळसावर सोडला जातो आणि कामाच्या दिवशी त्याची किंमत मोजावी लागते.

या काळात पालकांचं काम नेमकं काय? ईमेलमध्ये सीसीत राहायचं. हे विनोदाने म्हणत नाही. अल्पवयीन मुलाने आणि एका मोठ्या माणसाने एकेकट्याने खासगीत बोलायचं नाही हा नियम ईमेल-मेसेजलाही लागू आहे, त्यामुळे प्रत्येक पत्रात दुसरं कुणी मोठं माणूस हवंच. सीसीत राहायचं आणि उत्तर द्यायचं नाही. पँट्रीच्या बाईंनी नऊ दिवस उत्तर दिलं नाही तरी फोन आपण करायचा नाही. दहाव्या दिवशी मुलीने केला तेव्हा कळलं की त्या रजेवर होत्या आणि बागेचं बघणाऱ्या दुसऱ्याच एक आजी होत्या. वर्कबुकमध्ये त्यांचाही नंबर तेव्हा चढला. संस्थेतली माणसं बदलतात, म्हणून पहिल्याच भेटीत दुसऱ्या माणसाचं नाव मागून घ्यावं.

पैशाचा नियम सोपा आहे, पण मराठी मंडळींचा पाय नेमका तिथेच अडकतो. स्वतःचे, घरच्यांचे आणि नातेवाइकांचे, ट्रूपमधल्या कुटुंबांचे किंवा ज्या संस्थेसाठी काम तिचे पैसे असतील तर वेगळी परवानगी नको. त्यापलीकडे कुणाकडूनही, मग ते गावातलं हार्डवेअरचं दुकान असो की आपलं महाराष्ट्र मंडळ, पैसे किंवा वस्तू घ्यायच्या तर वर्कबुकमधला निधीचा अर्ज भरून काउन्सिलची मंजुरी घ्यावी लागते, आणि तो निदान दोन आठवडे आधी द्यायचा. "मंडळाच्या कार्यक्रमात एक डबा फिरवू की!" असं म्हणणारे काका प्रत्येक गावात आहेत. डबा फिरवता येतो, पण अर्जानंतर. देणाऱ्याला हेही स्पष्ट सांगायचं की पैसे पँट्रीसाठी आहेत, मुलीसाठी किंवा ट्रूपसाठी नाहीत. उरलेली रक्कम पँट्रीचीच. आमच्याकडे खर्च सतराशे डॉलरच्या आसपास गेला, त्यातला निम्म्याहून जास्त लाकडाचा.

लाकडावर जरा थांबायला हवं. साधं पाइन स्वस्त, पण ओल्या मातीला टेकून तीन-चार वर्षांत कुजतं. प्रेशर ट्रीटेड (रसायन दाबाने मुरवलेलं) पाइन टिकतं. आर्सेनिक असलेली जुनी प्रक्रिया २००३ अखेर घरगुती वापरातून गेली, आता तांब्याची संयुगं असतात. तरीही भाजी खाणारे विचारणारच, आणि पँट्रीला तो प्रश्न दर आठवड्याला झेलायचा नव्हता. म्हणून सीडर: महाग, हलकं, कुजायला चिवट आणि टोकाशी पटकन तडकणारं. त्यामुळे प्रत्येक स्क्रूआधी पाव इंचाच्या निम्म्या, म्हणजे १/८ इंची बिटने भोक पाडणं आलं. हे 'करता आलं तर करू' असं काम नाही. भोक न पाडता टोकापासून इंचभरावर मारलेल्या स्क्रूने फळी उभी चिरते आणि ती बदलायला लागते.

दुकानात जिला टू बाय सिक्स म्हणतात ती फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि साडेपाच इंच रुंद असते. दोन थर रचले की १२ नव्हे, ११ इंच उंची मिळते. फोर बाय फोरचा खांब खरा साडेतीन इंची. पहिल्या चित्रात हे धरलं नव्हतं आणि मातीचा हिशेब चुकला होता. दुरुस्त हिशेब असा: जमिनीलगतच्या वाफ्याला आठ फुटी सहा फळ्या, चार अखंड आणि दोन मधोमध कापलेल्या. चार वाफ्यांना २४. उंच वाफा आठ बाय तीन फुटांचा आणि चार थरांचा, म्हणजे २२ इंच. त्याला १२. झाल्या ३६. पिळलेल्या, गाठीवर तडे गेलेल्या निघतात म्हणून ४० घेतल्या, आणि दोन खरोखरच पिळलेल्या निघाल्या. ४८ बाय ९३ इंच आतलं माप आणि ११ इंच खोली धरून एका वाफ्यात २८ घनफुटांवर माती बसते, उंच वाफ्यात ४२-४३. एकूण १५६ घनफूट, म्हणजे २७ घनफुटांचा एक घनयार्ड या हिशेबाने पावणेसहा घनयार्डांवर थोडी. नवी माती पाणी पिऊन खाली बसते. पंधरा टक्के वाढवून सात यार्ड मागवले.

स्क्रू तीन इंची, बाहेरच्या हवेत न गंजणारे. प्रत्येक फळीच्या प्रत्येक जोडाला दोन, हिशेबाने २४० लागले. घेतले साडेतीनशे. कोपऱ्यात आतून बसवलेल्या खांबाच्या ठोकळ्यात दोन बाजूंनी स्क्रू येतात आणि एकाच उंचीवर मारले तर आत एकमेकांवर आदळतात. म्हणून एका बाजूचे काठापासून इंचभर आणि दुसऱ्या बाजूचे दोन इंच. स्क्रूच्या डोक्यात बसणाऱ्या चांदणीच्या बिटा झिजतात, त्या सहा तरी हव्यात. ड्रिल चार असतील तर बॅटऱ्या आठ. बागेत प्लग नसतो हे सकाळी दहाला कळून उपयोग नाही.

आराखडा वाचून बागेच्या आजींनी एकच प्रश्न विचारला: "मधे पोट सुटणार नाही याचं काय?" आठ फुटी फळीला फक्त कोपऱ्यांवर आधार दिला तर ओल्या मातीच्या रेट्याने मधला भाग वर्षभरात बाहेर फुगतो. उपाय म्हणजे लांब बाजूच्या मधोमध आतून एक खुंट, जमिनीलगतच्या वाफ्यात ११ इंच जमिनीवर आणि १३ इंच जमिनीत. पाच वाफ्यांना दहा खुंट, म्हणजे दहा खड्डे. आणि खड्डा आला की ८११ आला.

८११ हा देशभरचा फुकट नंबर. न्यू जर्सीत खणायच्या आधी तीन पूर्ण कामाचे दिवस हाताशी ठेवून फोन करावा लागतो. गॅस, वीज, पाणी, टेलिफोनवाले येऊन आपापल्या रेषा रंगवून जातात: वीज लाल, गॅस पिवळा, पिण्याचं पाणी निळं, मैलापाणी हिरवं, टेलिफोन-केबल केशरी. तिसऱ्या वाफ्याच्या कडेपासून दोन फुटांवर पिवळी रेषा आली. हाताने सावकाश खणता आलं असतं, पण तिने अख्खी रांग चार फूट सरकवली आणि नकाशा पुन्हा काढला. एक गोष्ट मात्र हे लोक दाखवत नाहीत, ती म्हणजे मीटरच्या पलीकडच्या, मालकाच्या स्वतःच्या लाइनी. बागेच्या नळाची नळी कुठून गेलीय ते तिथल्या जुन्या देखभालवाल्या गृहस्थांनी काठीने दाखवलं, आणि तीही एका खड्ड्याखालून जात होती.

कापाकापी वेगळ्या दिवशी उरकली. सर्क्युलर सॉ, टेबल सॉ अशा विजेच्या करवती अठराच्या आतल्या मुलांनी चालवायच्या नाहीत, हा संस्थेचा नियम आहे. म्हणून ट्रूपमधल्या दोन पालकांनी करवत धरली, पण कापाची यादी तिची, खुणा तिच्या आणि प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबरही तिचाच. एकूण ४४ काप. सव्वासात इंची पातं फोर बाय फोरमधून एका फेरीत आरपार जात नाही. एका बाजूने कापून, खांब उलटा करून दुसऱ्या बाजूने कापावं लागतं, आणि गुण्याने चारही बाजूंना रेघ मारली नसेल तर मधे पायरी पडते. प्रत्येक कापात पात्याच्या जाडीइतकं, म्हणजे अष्टमांश इंच लाकूड भुशात जातं. आठ फुटांतून २४ इंचांचे चार खुंट निघत नाहीत, २३ आणि वर ७/८ चे निघतात.

जोडणीच्या शनिवारी येतो म्हणाले होते ३१, आले २२. हा हिशेब धरूनच चालावं. पाच-पाच जणांच्या तीन तुकड्या, प्रत्येकीला एक म्होरक्या आणि एक चित्र. बाकीचे खड्ड्यांवर, जाळी कापायला आणि पाण्या-खाण्यावर. चष्मे, हातमोजे, प्रथमोपचाराची पेटी, संध्याकाळी गोचिडी तपासायची आठवण (न्यू जर्सीत त्यांच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचा धोका खरा आहे), आणि मेघगर्जना ऐकू आली तर शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं काम बंद. एकवीस वर्षांवरचे नोंदणी झालेले दोन लीडर पूर्ण वेळ हजर लागतात. त्यातला एक उशिरा आला तर बावीस जण हात बांधून उभे राहतात, म्हणून तिसरा राखीव ठेवावा.

आणि मग आपले बाबालोक. घरचं ड्रिल कमरेला लावून येतात आणि पाचव्या मिनिटाला "बाजूला हो बेटा, मी दाखवतो" सुरू होतं. त्यांना रिकामं ठेवणं हीच चूक. मुलीने आधीच कामं वाटून ठेवली होती: एक गाडी घेऊन दुकानाच्या फेऱ्यांना, एक बॅटऱ्या चार्ज करायला, एक फोटोला, एक सहीच्या वहीवर. उरलेल्यांना सूचना एकच, काही चुकतंय असं वाटलं तर मुलांना नाही, तिला सांगा. धोक्याचं असेल तर मात्र ताबडतोब ओरडा.

चौकटी जमिनीवर न जोडता पार्किंगच्या सपाट डांबरावर जोडल्या, कारण उंचसखल गवतावर जोडलेली चौकट पिळते. काटकोन तपासायचा तो कर्णांनी. ५१ बाय ९६ च्या चौकटीचे दोन्ही कर्ण १०८ इंच आणि वर पाऊण इंचाच्या किंचित आत आले पाहिजेत. पहिल्या चौकटीत सव्वा इंचाचा फरक आला. लांब कर्णाच्या कोपऱ्यावर पायाने रेटून तो घालवता येतो, पण त्यासाठी स्क्रू शेवटपर्यंत कसलेले नसावेत. आधी कर्ण जुळवायचे आणि मग कसायचं.

दुसऱ्या तुकडीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण एकमेकांशी बिनचूक जुळले, आणि तीच चौकट चुकलेली होती. जागेवर नेऊन आत अर्ध्या इंची चौकड्यांची जाळी अंथरायला घेतली (खालून येणाऱ्या बिळातल्या प्राण्यांसाठी), तर जाळी एका कडेला तीन इंच वर वळत होती आणि लांबीला तीन इंच अपुरी पडत होती. बारा वर्षांचा एक मुलगा ती गुडघ्याने दाबून बसवू पाहत होता. जाळी चुकीची कापली म्हणून कापणाऱ्याला बोलणी बसली. मुलगी टेप घेऊन आली. आतली रुंदी ४५. मग तिने कोपरा पाहिला. आखूड फळ्या लांब फळ्यांच्या मधे बसायला हव्या होत्या, त्या टोकांवर बाहेरून ठोकल्या होत्या. काठावर उभ्या असलेल्यांपैकी दोघांना हे पार्किंगमध्येच दिसलं होतं, पण धोक्याचं नव्हतं म्हणून ते गप्प राहिले, आणि तिला सांगायचं तेही राहून गेलं. चित्रात कोपऱ्याची कुठली फळी कुणावर येते ते दाखवलेलंच नव्हतं. बाकी दोन तुकड्यांनी अंदाजाने बरोबर केलं होतं. तसंच ठेवून चाललं असतं का? मातीचा फरक नगण्य होता. पण बाहेरची लांबी ९९ झाल्याने पुढची वाट ३६ वरून ३३ इंचांवर आली होती, आणि व्हीलचेअरसाठी ३६ लागतात. शिवाय खुंटांचे खड्डे ४८ च्या हिशेबाने काढलेले. आखूड बाजूंचे स्क्रू उलटे फिरवून, फळ्या आत घेऊन पुन्हा बसवायला वीस मिनिटं लागली. जाळीवाल्या मुलाची तिने माफी मागितली आणि तिन्ही चित्रांवर लाल पेनने कोपरा काढून दिला.

पाणसळ लावल्यावर आठ फुटांत तीन इंचांचा उतार निघाला. खालची बाजू दगडांवर उचलायचा मोह होतो, पण तिथून माती वाहून जाते. वरची बाजू खणून खाली घ्यायची असते. या एका कामाला ठरवल्यापेक्षा दुप्पट वेळ गेला, आणि उंच वाफा त्या दिवशी अर्धाच राहिला.

मातीचा दिवस दोन आठवड्यांनी. ट्रक हिरवळीवरून आत येऊ शकत नव्हता, त्यामुळे सात यार्डांचा ढीग पार्किंगमध्ये ताडपत्रीवर पडला, वाफ्यांपासून साठ यार्डांवर. पावसाची शक्यता म्हणून आदल्या रात्री वरूनही ताडपत्री. भिजलेली माती एवढी जड होते की मनुष्यबळाचा हिशेब कोसळतो. व्हीलबॅरोवर (एकचाकी हातगाडीवर) सहा घनफूट लिहिलेलं असलं तरी तेवढी भरली तर चारशे पौंडांपर्यंत जाते. धाकट्या मुलांसाठी निम्मीच, तीन घनफूट. म्हणजे ६३ फेऱ्या, तीन गाड्या, एका फेरीला पाच मिनिटं: पावणेदोन तास. हे गणित तिने घरी केलं होतं आणि ते सपशेल चुकलं, कारण एकच चाक त्याच वाटेने तीसदा गेलं की ओल्या हिरवळीत चर पडतो आणि गाडी रुतते. प्लायवूडच्या चार पट्ट्या आणून वाट केली. मधे पाऊण तास गेला.

तळाशी पुठ्ठा घातला, सहा-सहा इंच एकमेकांवर चढवून आणि खोक्यांची चिकटपट्टी सोलून. पट्टी कुजत नाही, पुढच्या वर्षी खुरप्याला येते. पुठ्ठा भिजवला आणि त्यावर माती. उंच वाफ्याच्या २२ इंच कडेवरून व्हीलबॅरो ओतता येईना, तेव्हा पाच गॅलनच्या बादल्या निघाल्या. पाऊण बादली म्हणजे साधारण अर्धा घनफूट, हिशेबाने ८५ बादल्या. मुलं ओळीने उभी राहिली, भरलेली बादली इकडून, रिकामी तिकडून. आपल्याकडे स्लॅब पडताना घमेली चालतात, हुबेहूब तशी. तिथे उभ्या असलेल्या मराठी आयांनी "चला चला" सुरू केलं आणि अमेरिकन मुलांनी अर्थ न विचारता तेच ओरडायला घेतलं.

काम संपलं की अहवाल. तासांची नोंद पाच रकान्यांत लागते: स्वतः उमेदवार, नोंदलेले स्काउट, इतर मुलं, नोंदलेले लीडर, इतर मोठी माणसं. दोन्ही शनिवारी येताना-जाताना सही घेतली होती म्हणून हे दहा मिनिटांत झालं. आठवून लिहायला बसणाऱ्यांचे आठवडे जातात. ईमेल, फोन, खरेदी यांचे तासही धरायचे असतात, ते मात्र तिने नोंदले नव्हते आणि मेलबॉक्स उकरून काढावे लागले. अहवालात काय चांगलं झालं याइतकंच काय अवघड गेलं आणि आराखड्यात काय बदललं, हे विचारतात. कोपऱ्याच्या चित्राची चूक, सरकवलेली रांग, प्लायवूड, सगळं तिथे गेलं. मोठ्यांची पहिली प्रतिक्रिया असते की चुका कशाला लिहायच्या. शेवटी उमेदवाराला पारखणाऱ्या बोर्डावर बसणाऱ्यांना बिनचूक प्रोजेक्टचे अहवाल वाचायची सवय नसते, आणि असा आला तर ते पालकांकडेच संशयाने पाहतात.

शेवटी पँट्रीची आणि स्काउटमास्टरची पूर्ततेची सही. त्यानंतर ईगलचा अर्ज, शिफारशी, स्वतःच्या ध्येयांविषयीचं निवेदन, स्काउटमास्टरशी बैठक आणि मग बोर्ड ऑफ रिव्ह्यू: तीन ते सहा जण, सगळे एकवीस वर्षांवरचे. पालकांना आत प्रवेश नाही. सह्यांच्या पानाच्या तीन प्रती, एक घरी, एक ट्रूपकडे, एक ईमेलवर, एवढं मात्र आपण बघावं. मूळ पान हरवून वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात सह्यांसाठी धावणारी कुटुंबं दरवर्षी दिसतात.

जूनअखेर वाफ्यांतली माती दीड-दोन इंच बसली होती, उंच वाफ्यात तीनच्या वर. सात यार्डांतली उरलेली अर्धा यार्ड ताडपत्रीखाली ठेवली होती, ती दोन स्काउटांना घेऊन तिने वर भरली. आजींनी तोवर तिसऱ्या वाफ्यात चवळी लावली होती.